मुद्दा तयार असतो, पाळीच येत नाही: अबोल माणसाने मीटिंगमध्ये बोलायचं कसं

मीटिंग आटोपते, तुम्ही जागेवर येऊन बसता आणि तेव्हा कुठे वाक्य नीट जुळतं. ठरलेली तारीख का पाळता येणार नाही, अडचण नेमकी कुठे आहे, त्यावर उपाय काय, सगळं. अर्ध्या तासापूर्वी हेच सांगायचं होतं. पण विषय निघाला, दोघे-तिघे बोलले, तुम्ही तोंड उघडणार एवढ्यात गाडी पुढच्या मुद्द्यावर गेली. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात शेरा मिळतो: काम उत्तम, मीटिंगमधला सहभाग वाढवावा.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे 'आत्मविश्वास वाढवा' किंवा 'बिनधास्त बोला'. तो फारसा कामाला येत नाही. अंतर्मुख माणसाचं घोडं बहुतेक वेळा धाडसापाशी अडतच नाही, ते वेळेपाशी अडतं. पाळी मोकळी होते त्या क्षणी वाक्य तयार नसतं आणि वाक्य तयार होतं तेव्हा पाळी दुसऱ्याने घेतलेली असते. त्यामुळे खाली दिलेल्या युक्त्या दोनच कामं करतात: वाक्य आधी तयार करून ठेवणं आणि पाळी वेगाशिवाय मिळवणं.

पाळी मोकळी असते तरी किती वेळ?

संभाषणात पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचे नियम हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली मांडले. बोलणाऱ्याने कुणाला उद्देशून प्रश्न विचारला, नाव घेतलं, तर पाळी त्याची. तसं केलं नाही, तर जो आधी सुरू करेल त्याची. कुणीच सुरू केलं नाही, तर आधीचाच पुढे बोलत राहू शकतो. मीटिंगमध्ये या तिसऱ्या सवलतीचा लाभ कोण घेतं, ते सांगायला नको.

आता 'आधी' म्हणजे किती आधी? २००९ साली १० भाषांमधल्या संभाषणांची मोजणी प्रसिद्ध झाली. हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागत होता, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा भाग. सगळ्यांत सावकाश निघालेल्या डॅनिश भाषेतही हे अंतर सरासरीने अर्ध्या सेकंदाच्या आतच होतं. उलट, समोर धरलेल्या चित्राचं नाव उच्चारायलाच माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात आणि साधं छोटं वाक्य जुळवायला दीड सेकंदाच्या घरात. हिशेब सरळ आहे. समोरचा बोलत असतानाच जो आपलं वाक्य जुळवायला घेतो, त्यालाच ही फट सापडते. जो शेवटपर्यंत ऐकतो, मनात घोळवतो आणि मग बोलायला जातो, त्याला ती सापडायची शक्यता कमीच.

म्हणजे चांगलं ऐकण्याची सवयच इथे आड येते. गंमत अशी, की बाकी सगळ्या कामांत हीच सवय गुण ठरते.

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे वर्गीकरण मानसशास्त्रात रुळलं ते कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे. अंतर्मुख म्हणजे बुजरा नव्हे. बुजऱ्याला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील याची भीती वाटते. अंतर्मुखाला भीती असतेच असं नाही. गर्दीत आणि सलग बोलण्यात त्याची शक्ती खर्च होते, आणि विचार मनात पूर्ण झाल्याशिवाय तो बाहेर काढावासा वाटत नाही. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. तिसरा प्रकार मात्र वेगळा धरायला हवा. मीटिंगच्या विचाराने आदल्या रात्री झोप उडत असेल, धडधड, घाम, मळमळ होत असेल आणि त्यापायी कामं टाळली जात असतील, तर ती सामाजिक चिंता असू शकते. तिच्यावर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत, नुसत्या युक्त्यांवर भागवू नये.

गप्प बसण्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, 'मौनं संमतिलक्षणम्'. मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, 'सर्वांनी मान्यता दिली' असं लिहिलं जातं आणि त्या 'सर्वां'त तुम्हीही असता. दुसरी जास्त गंभीर आहे. कॅमेरन अँडरसन आणि गॅविन किल्डफ यांनी २००९ मध्ये छोट्या गटांना गणितं सोडवायला दिली. ९४ टक्के वेळा गटाचं अंतिम उत्तर तेच होतं, जे कुणीतरी सर्वांत आधी सुचवलं होतं. पुढे पुढे करणाऱ्यांना बाकीचे हुशार समजत होते, प्रत्यक्षात त्यांचं गणित इतरांपेक्षा सरस नव्हतं. पहिलं उत्तर टेबलावर पडलं की चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. म्हणून उशिरा सांगितलेल्या बरोबर मुद्द्यापेक्षा लवकर सांगितलेल्या अर्धवट मुद्द्याचं वजन जास्त पडतं. हे न्याय्य नाही, पण खोलीत घडतं ते असं.

आदल्या दिवशीची वीस मिनिटं

सगळ्यांत जास्त फायदा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

अजेंडा आला की आधी मीटिंगची जात ओळखा. नुसता कामाचा आढावा असेल तर तुमच्या दोन ओळी पुरतात, त्यासाठी जिवाचा आटापिटा नको. नव्या कल्पना काढायच्या असतील तर मोठ्याने एकत्र विचार करण्यापेक्षा आधी एकट्याने लिहिणं जास्त उपजाऊ ठरतं. १९५८ सालीच एका प्रयोगात दिसलं होतं, की एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेले चौघे मिळून जवळपास दुप्पट कल्पना काढतात. पुढे १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि त्या थांबण्यात कल्पना निसटतात. म्हणून अशा मीटिंगला पाच-सात कल्पना कागदावर घेऊनच जा. तिसरी जात म्हणजे निर्णयाची मीटिंग. खरी तयारी हिच्यासाठी.

निर्णयाच्या मीटिंगसाठी एक अर्धा कागद घ्या आणि त्यावर चारच गोष्टी लिहा. एक, माझं म्हणणं, एका वाक्यात. दोन, त्याला आधार देणारा एक आकडा किंवा एक घडलेली गोष्ट. तीन, मग करायचं काय, याचा प्रस्ताव. चार, ज्याचं उत्तर मला खरंच हवं आहे असा एक प्रश्न. बारा मुद्दे लिहिणारी माणसं बाराही मुद्दे घेऊन गप्प घरी येतात. कोणता आधी काढायचा याच विचारात फट निघून जाते.

समजा, नवी संगणक प्रणाली येत्या १५ तारखेला सुरू करायची असं वरिष्ठांच्या मनात आहे. तुम्ही जुनी माहिती नव्या प्रणालीत हलवण्याचं काम पाहता. तुम्हाला माहीत आहे की हे काम ९ दिवसांचं आहे आणि आज ८ तारीख आहे. कागद असा दिसेल:

म्हणणं: १५ तारखेला सगळं एकदम सुरू करू नये.
आधार: माहिती हलवायला ९ दिवस लागतात. मागच्या चाचणीत पहिल्याच दिवशी २०० नोंदी दोनदा आल्या.
प्रस्ताव: १५ ला एकाच विभागात सुरू करू, बाकीचे २२ ला.
प्रश्न: १५ तारीख बाहेर कुणाला कळवलेली आहे का?

शेवटचा प्रश्न दिसायला साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून असतं. तारीख ग्राहकाला कळवलेली नसेल तर भांडणच उरत नाही. कळवलेली असेल तर तुमचा टप्प्याटप्प्याचा प्रस्ताव आणखी उपयोगी ठरतो.

कागद झाला की मीटिंग चालवणाऱ्याला दोन ओळी पाठवा: 'उद्या तारखेच्या विषयावर मला दोन मिनिटं हवी आहेत. माहिती हलवण्याच्या वेळापत्रकाबद्दल सांगायचं आहे.' आठवतो ना पहिला नियम? ज्याचं नाव घेतलं जातं, त्याला पाळी पकडावी लागत नाही. या दोन ओळींनी तुम्ही शर्यतीतून बाहेर पडता. मीटिंग चालवणाऱ्यालाही बरं पडतं, कारण कुणाला काय सांगायचं आहे ते त्याला आधी कळतं. ज्याचा विरोध होण्याची शक्यता आहे अशा एकाशी आदल्या दिवशी पाच मिनिटं समोरासमोर बोलून घेतलं तर आणखी उत्तम. दोघांत बोलताना अंतर्मुख माणूस सहसा रंगतो, आणि दहा जणांसमोर होणारा विरोध तिथेच निम्मा ओसरतो.

शेवटी म्हणणं आणि प्रस्ताव या दोन ओळी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा. मनात वाचलेलं वाक्य तोंडातून काढताना अडखळायला होतं, विशेषतः मीटिंगची भाषा रोजच्या बोलण्यातली नसेल तर. पूर्ण भाषण पाठ करू नका. चर्चेने वेगळं वळण घेतलं की पाठांतर कोसळतं आणि माणूस कागदावरून वाचायला लागतो.

दार उघडणारे शब्द

मीटिंगमध्ये पहिलं वाक्य पहिल्या दहा मिनिटांत बोला, मग ते कितीही किरकोळ असो. 'आजच्या तारखेत हाच एक विषय संपवायचाय ना?' इतकंही चालेल. पाऊण तास गप्प बसलेल्या माणसाने तोंड उघडलं की सगळ्या माना एकदम वळतात. आपल्यालाही आता काहीतरी भारी बोललंच पाहिजे असं वाटायला लागतं. त्या ओझ्याखाली दुसऱ्यांदा गप्प बसायला होतं.

मुख्य मुद्द्याची वेळ आली की फट कशी पकडायची? यातली खरी मेख अशी, की सुरुवातीच्या तीन-चार शब्दांना अर्थ असायची गरज नाही. ते आधीच ठरलेले असले की त्यांच्यासाठी डोकं वापरावं लागत नाही, आणि ते उच्चारेपर्यंत पुढचं वाक्य जुळायला लागणारा दीड सेकंद मिळून जातो. असे दोन-तीन तुकडे निवडा आणि दर वेळी तेच वापरा:

'इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या...'
'याच मुद्द्याला धरून...'
'पुढे जाण्याआधी एक...'

समोरच्याचं वाक्य संपत आलंय हे त्याच्या आवाजावरून कळतं. सूर खाली येतो, क्रियापद येतं, नजर वर उठते. त्याच्या थोडं आधी शरीराने वर्दी द्या. टेबलाकडे झुका, पेन खाली ठेवा, पंजा टेबलावर उघडा ठेवा, ऐकू जाईल असा श्वास आत घ्या. हे सगळं मिळून एक सेकंदही लागत नाही, पण मीटिंग चालवणारा तेवढ्यात तुमच्याकडे पाहतो. पाहिलं की पाळी निम्मी मिळालीच.

दोघांनी एकदम सुरुवात केली तर? अबोल माणूस पहिल्या अक्षरालाच माघार घेतो, 'नाही नाही, तुम्ही बोला' म्हणतो. असे एकावर एक आलेले आवाज बहुतेक वेळा फार टिकत नाहीत, कुणीतरी एक लगेच थांबतो. दर वेळी तो 'कुणीतरी' तुम्हीच असायची गरज नाही. आपले दाराचे शब्द त्याच आवाजात पुन्हा म्हणा: 'याच मुद्द्याला धरून... याच मुद्द्याला धरून सांगायचं तर...' आवाज चढवू नका, वेगही वाढवू नका. तरीही समोरचा बोलतच राहिला तर सोडून द्या, पण जागा राखून: 'यांचं झालं की माझा एक मुद्दा आहे.' आता लक्षात ठेवायचं काम एकट्या मीटिंग चालवणाऱ्याचं राहत नाही, सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

आधी कळस, मग पाया

पाळी मिळाली की ती बहुधा नमनातच जाते. 'म्हणजे मला असं वाटतं, कदाचित माझं चुकतही असेल, फक्त एक छोटासा मुद्दा होता...' हे घडाभर तेल ओतेपर्यंत निम्मे लोक मोबाइलकडे वळलेले असतात. शिवाय मुद्दा छोटा असल्याचं तुम्हीच जाहीर केलेलं असतं.

यात आपल्या भाषेची एक गोम आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुधा शेवटीच येतो. 'मागच्या चाचणीत आलेल्या अडचणी आणि माहिती हलवायला लागणारा वेळ बघता आपण १५ तारखेला सगळ्या विभागांत एकदम सुरू करणं मला योग्य वाटत...' इथे कुणी मध्ये बोललं तर तुम्ही बाजूने होतात की विरोधात, हेच कुणाला कळलं नाही. लिहिताना असं लांब वाक्य शोभतं. मीटिंगमध्ये ते धोक्याचं, कारण मंद आणि विचारपूर्वक बोलणाऱ्याचं वाक्य तोडायला लोकांना भरपूर वेळ मिळतो. म्हणून तुकडे करा आणि निष्कर्ष आधी ठेवा:

'१५ तारखेला सगळं एकदम सुरू करू नये. कारण एकच आहे. माहिती हलवायला ९ दिवस लागतात, आपल्याकडे ७ आहेत. माझा प्रस्ताव असा आहे: १५ ला एक विभाग, २२ ला बाकीचे. १५ तारीख बाहेर कळवली आहे का?'

हे म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. पहिल्या वाक्यानंतर कुणी तोडलं तरी म्हणणं पोहोचलेलं असतं. 'कारण एकच आहे' किंवा 'दोन गोष्टी आहेत' हा आकडा मुद्दाम घालायचा. दोन म्हटल्यावर पहिली सांगून झाली तरी लोक दुसरीसाठी थांबतात, आणि मध्ये श्वास घ्यायला मोकळीक मिळते. मात्र दोन म्हणून पाच सांगू नका. पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही.

शेवटी प्रश्न ठेवला की आणखी एक काम होतं. पुढची पाळी कुणाची हे तुम्ही ठरवता आणि चर्चा तुमच्याच मुद्द्यावर राहते. 'बाकी काय, तुम्ही म्हणाल तसं' असं शेपूट लावलं तर ती लगेच हातातून जाते.

आवाज वाक्याच्या शेवटी विरत असेल तर कारण बहुधा श्वासाचं असतं. बोलण्याआधी एकदा सावकाश श्वास सोडा, मग घ्या, मग सुरू करा. आणि हात थरथरतोय, आवाज कापतोय हे सगळ्यांना दिसतंय असं वाटत असेल, तर तसं फारसं नसतं. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ सालच्या प्रयोगात काही वक्त्यांना आधी एवढंच सांगितलं होतं, की आपली घालमेल आपल्याला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नाही. नुसतं हे माहीत असलेल्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली.

मध्येच तोडलं, अचानक विचारलं, उशीर झाला

कुणी वाक्य तोडलं तर हात किंचित वर करून, त्याच सुरात म्हणा: 'एवढं वाक्य पूर्ण करू द्या, मग तुमचा मुद्दा घेऊ.' 'सॉरी' नको, चिडणंही नको. हे वाक्य घरी आरशासमोर दहादा म्हणावं लागतं, त्याशिवाय ऐनवेळी तोंडात येत नाही.

आपलाच मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आला आणि त्याची वाहवा झाली, हे अबोल माणसांचं जुनं दुखणं. तेव्हा 'हे मीच बोललो होतो' म्हटलं की हिशेब मांडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा मुद्दा पुढे न्या: 'मघाशी मी टप्प्याचं म्हटलं होतं, त्यात यांनी खर्चाची बाजू जोडली. आता पहिला विभाग कोणता, ते ठरवू.' आणखी चांगला उपाय म्हणजे एका सहकाऱ्याशी आधीच ठरवून ठेवणं. बराक ओबामांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकारी हेच करत. एकीने मुद्दा मांडला की दुसरी तो तिच्या नावासह पुन्हा उच्चारायची. तुम्ही सहकाऱ्याचं नाव घ्या, त्याने तुमचं. यात नुसती री ओढू नये, नाव आणि नवा तपशील दोन्ही हवेत.

अचानक 'तुमचं काय मत?' असा प्रश्न आला आणि डोकं रिकामं झालं, तर तीन वाटा आहेत. प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणा: 'म्हणजे आपण खर्चाबद्दल विचारताय की वेळेबद्दल?' किंवा जेवढं ठरलंय तेवढंच सांगा: 'वेळेबद्दल माझं मत पक्कं आहे, खर्चाचं बघावं लागेल.' किंवा सरळ वेळ मागा, पण मुदतीसह: 'आकडे बघून चार वाजेपर्यंत कळवतो.' मुदत नसली की ते टाळणं वाटतं. आणि चार म्हटलं तर चारलाच कळवा.

विषय पुढे गेल्यावर सुचलं तर वरातीमागून घोडं नेऊ नये असं वाटून माणूस गप्प बसतो. पण मीटिंगमध्ये वरात परतही बोलावता येते. 'तारखेच्या मुद्द्यावर एक मिनिट परत येऊ या. एक धोका राहून गेला.' एका मीटिंगमध्ये हे एकदा खपतं, तीनदा नाही. तेही जमलं नाही तर त्याच दिवशी, मिनिट्स फिरण्याआधी, पाच ओळींचा मेल करा: कोणता निर्णय, माझी शंका, आधार, प्रस्ताव, कुणाकडून कधीपर्यंत उत्तर हवं. दोन दिवसांनी पाठवलेला दोन पानी मेल वाचला जात नाही, आणि वाचला तरी 'तेव्हा का नाही बोललात?' हा प्रश्न घेऊनच येतो.

मिनिट्स लिहिण्याचं काम गप्प माणसाच्या गळ्यात हमखास पडतं. शब्दन् शब्द उतरवत बसलात तर विचार करायला जागा उरत नाही, म्हणून ते सापळाच आहे. फक्त निर्णय, जबाबदारी आणि तारीख लिहायचं ठरवलंत तर मात्र तेच काम हत्यार होतं. 'थांबा, निर्णय काय लिहू? १५ तारीख सगळ्यांसाठी की एका विभागासाठी?' हे विचारायचा हक्क त्या खोलीत फक्त तुम्हाला असतो.

वरिष्ठांशी मतभेद असेल तेव्हा

इथे पायऱ्या असतात. पहिली पायरी प्रश्नाची: 'सर, १५ ला हे व्हायचं तर काय काय जुळून यावं लागेल?' दुसरी काळजी स्पष्ट सांगण्याची: 'मला माहितीच्या नोंदींची काळजी वाटते.' तिसरी पर्यायाची, आणि चौथी थेट नकाराची: 'या स्थितीत माझी मंजुरी देता येणार नाही.' अबोल माणसं पहिल्या पायरीवर थांबतात आणि आपण सांगून झालं असं समजतात. ऐकणाऱ्याला मात्र तो साधा प्रश्न वाटतो.

हे किती महागात पडू शकतं, ते विमान वाहतुकीला २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर कळलं. धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, अशी विचारणा केली होती. कॅप्टनने ठामपणे ते झालंय म्हटलं आणि विषय तिथेच संपला. कारणं इतरही होती, पण त्यानंतरच्या वर्षांत विमान कर्मचाऱ्यांना पायरी चढत जाऊन बोलायचं प्रशिक्षण देणं सुरू झालं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये जीव जात नाहीत. तरी नियम तोच: उत्तराने शंका फिटली नाही, तर पुढची पायरी चढा.

ऑनलाइन मीटिंग

इथे सेकंदाच्या पाचव्या भागाची ती फट तांत्रिक उशिरातच बुडते. दूरध्वनीच्या जाळ्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, की आवाज एका बाजूने जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. मीटिंगमध्ये कुणाचं नेट संथ असलं की हे अंतर सहज ओलांडलं जातं आणि सगळे एकमेकांवर आदळतात. ब्लूटूथ हेडफोनने त्यात भर पडते, वायरचा हेडफोन बरा. बोलायचं ठरल्यावर दोन-तीन सेकंद आधीच अनम्यूट व्हा. अनम्यूटचा दिवा दिसला की मीटिंग चालवणारा जाणता असेल तर थांबतो. हात वर करायचं बटण मात्र विषय चालू असतानाच दाबा, संपल्यावर नव्हे.

चॅट हे अंतर्मुखांचं मैदान, पण एका अटीवर. एक ओळ, एक आकडा आणि ती वाचली जाईल याची सोय. 'माहिती हलवायला ९ दिवस, आपल्याकडे ७. यावर बोलायचं आहे.' सहा ओळींचा परिच्छेद वर सरकून जातो. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत असेल तर ती खिडकी बंद करा. स्वतःवर पहारा ठेवत बोलणं दुप्पट थकवतं.

मीटिंग तुम्ही चालवत असाल तर

अजेंड्यात विषय लिहू नका, प्रश्न लिहा. 'नवी प्रणाली' असं लिहिण्याऐवजी 'नवी प्रणाली १५ तारखेला एकदम सुरू करायची की टप्प्याने?' हे किमान एक दिवस आधी पाठवा. अवघड प्रश्नावर बोलणं सुरू करण्याआधी तीन मिनिटं सगळ्यांना लिहू द्या. ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये सादरीकरणाऐवजी लेखी टिपण आणलं जातं आणि सुरुवातीला ते शांतपणे वाचलं जातं. तेवढं मोठं नाही, तरी अर्ध्या पानाचं टिपण कुणालाही जमण्यासारखं आहे.

एकेकाला पाळीने विचारायचं असेल तर सर्वांत कनिष्ठापासून सुरू करा. साहेबांचं मत आधी आलं की बाकीच्यांची मतं त्याच्याभोवती घुटमळतात. पाळीने विचारण्यातही एक खोच आहे. १९७३ सालच्या एका प्रयोगात दिसलं, की आपली पाळी यायच्या जरा आधी इतरांनी उच्चारलेलं माणसाच्या लक्षात नीट राहत नाही, कारण तो स्वतःच्या तयारीत गुंतलेला असतो. आधी लिहून घेतलेलं असलं की हे नुकसान कमी होतं.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांची शांतता मीटिंगमध्ये फार लांब वाटते. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. कुणाला अचानक नाव घेऊन विचारायचं असेल तर आधी सांगून ठेवा: 'या दोघांचं झालं की तुमच्याकडे येतो.' तेवढ्या दीड-दोन मिनिटांत त्याचा अर्धा कागद भरतो.